डीयूआयमध्ये अटक झाल्यावर लायसन्स कसं वाचवायचं: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या (इथे याला डीयूआय म्हणतात) आरोपावरून अटक झाली, तर लायसन्ससाठी लढायला तुमच्याकडे १० दिवस असतात. कोर्टाची तारीख बहुतेकदा त्यानंतर कितीतरी दिवसांनी असते. आपल्या लोकांची गफलत नेमकी इथेच होते. रात्र कोठडीत गेलेली असते, कुणाला सांगायची लाज वाटते, घरी भारतात कळू नये म्हणून जीव खालीवर होत असतो. मग माणूस ठरवतो, जे काय व्हायचं ते कोर्टात होईल, तोवर गप्प बसू. तोवर दहा दिवस उलटतात आणि लायसन्सचं प्रकरण एकही शब्द न बोलता हरलेलं असतं.

हा लेख त्या दहा दिवसांसाठी आणि त्यानंतरच्या काही महिन्यांसाठी आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याने माणसं मरतात, कुटुंबं उद्ध्वस्त होतात. तो गुन्हा हलका आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण अटक झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, आणि दोष असला तरी कायद्याने दिलेला हक्क केवळ माहिती नव्हती म्हणून कुणी गमावू नये. ज्या गावात बस तासाला एक येते तिथे लायसन्स गेलं की नोकरी, मुलांची शाळा, आजारी माणसाचा दवाखाना, सगळंच अडतं.

आधी एवढं समजून घ्या: प्रकरणं दोन आहेत

एक फौजदारी खटला. तो काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात चालतो, सरकारी वकील चालवतो, आणि त्यात दंड, प्रोबेशन, तुरुंगवास असं काहीही होऊ शकतं. दुसरी कारवाई डीएमव्हीची, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मोटार वाहन खात्याची. ती फक्त गाडी चालवण्याच्या अधिकारापुरती असते आणि कोर्टाची वाट बघत नाही. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, किंवा अटकेनंतरची चाचणी द्यायला तुम्ही नकार दिला, एवढ्यावरच डीएमव्ही स्वतःहून लायसन्स निलंबित करते. व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांसाठी ही मर्यादा ०.०४ आहे, आणि २१ वर्षांखालच्यांसाठी ०.०१. म्हणजे एमएसला आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला एक बिअरही भोवू शकते.

या दोन गाड्या वेगवेगळ्या रुळांवर धावतात. कोर्टात आरोप सौम्य करून मिळाला तरी डीएमव्हीचं निलंबन आपोआप उठत नाही. कोर्टाने ०.०८ च्या आरोपातून पूर्ण निर्दोष सोडलं तर मात्र ते रद्द होतं. पण तिथवर पोचायला महिने लागतात.

त्या रात्री मिळालेला गुलाबी कागद

पोलीस अधिकारी तुमचं कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढून घेतो आणि एक गुलाबी कागद हातात देतो. त्याचा क्रमांक डीएस ३६७. घाबरलेल्या अवस्थेत बरेच जण त्याला पावती समजतात आणि घडी घालून खिशात कोंबतात. तो निलंबनाचा आदेश आहे, आणि तेच तुमचं ३० दिवसांचं तात्पुरतं लायसन्सही आहे. दहा दिवसांची मुदत हा आदेश हातात पडला त्या दिवसापासून मोजतात, आणि शनिवार-रविवारही त्यात धरतात. शुक्रवारी रात्री अटक झाली असेल तर सोमवार उजाडेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात.

रक्ताचा नमुना घेतला असेल तर निकाल यायला वेळ लागतो. अशा वेळी कधी कधी आदेश नंतर टपालाने येतो. म्हणून डीएमव्हीकडे तुमचा आजचा पत्ता असायलाच हवा. घर बदलल्यावर १० दिवसांत तो कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण सनीव्हेलहून फ्रीमाँटला, फ्रीमाँटहून डब्लिनला भाड्याची घरं बदलत राहणारे आपण हे हमखास विसरतो. पत्र जुन्या घरी जातं आणि तुम्ही निलंबित लायसन्सवर निर्धास्त गाडी चालवत राहता.

घरी आल्यावर त्याच दिवशी सगळ्या कागदांचे फोटो काढा. मग शांत बसून त्या रात्रीचं जे आठवतं ते तारीखवार लिहा: गाडी कुठे थांबवली, का थांबवली म्हणाले, काय विचारलं, शेवटचं कधी प्यायलात, चाचणी किती वाजता झाली, चाचणीआधी तुम्हाला ढेकर किंवा उलटी झाली का. हे टिपण फक्त वकिलासाठी. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्दही टाकू नका.

दहा दिवसांच्या आत: हिअरिंग मागा

डीएमव्हीच्या ज्या ऑफिसात आपण लायसन्स काढायला रांगेत उभे राहतो, तिथे हे काम होत नाही. ते ‘ड्रायव्हर सेफ्टी ऑफिस’कडे असतं. तिथे संपर्क करून दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत मागा. पहिली, निलंबनाविरुद्ध हिअरिंग. दुसरी, हिअरिंगचा निकाल लागेपर्यंत निलंबनाला स्थगिती. ही स्थगिती मिळाली तर तीस दिवसांनंतरही निकालापर्यंत गाडी चालवता येते, आणि त्यासाठी तात्पुरत्या लायसन्सची वाढीव मुदत लेखी मिळते. सोबत अधिकाऱ्याचा अहवाल आणि चाचणीचे कागदही मागून घ्या. फोनवर बोललात तर कुणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा, आणि तीच मागणी लेखीही पाठवा.

हिअरिंग मागायला पैसे पडत नाहीत. वकील नेमला असेल तर पहिल्याच दिवशी त्याला विचारा, ‘डीएमव्हीची मागणी तुम्ही पाठवताय की मी पाठवू?’ दोघांनीही दुसऱ्यावर ढकललं आणि मुदत गेली, असं व्हायला नको. वकील नेमायचा की नाही हे ठरत नसेल, तरी हिअरिंगची मागणी स्वतः करून टाका. त्यात तुमचं काहीच जात नाही.

आणखी एक गोष्ट. फौजदारी खटल्यासाठी वकील परवडत नसेल तर कोर्ट पब्लिक डिफेंडर देतं. तो डीएमव्हीच्या हिअरिंगला येत नाही. तिथे स्वतः उभं राहायचं किंवा पदरचे पैसे घालून वकील लावायचा.

हिअरिंगमध्ये नेमकं काय बघतात

मन मोकळं करायची ही जागा नाही. ‘माझ्या नोकरीला गाडी लागते’, ‘ही पहिलीच वेळ आहे’, ‘घरी लहान बाळ आहे’, यातलं काहीही इथे विचारात घेतलं जात नाही. ऐकायला कठोर वाटेल, पण आधीच कळलेलं बरं, कारण अनेक जण याच तयारीने जातात आणि खऱ्या मुद्द्यांवर एक प्रश्नही विचारत नाहीत.

मुद्दे तीनच. अधिकाऱ्याला तुमच्यावर संशय घ्यायला पुरेसं कारण होतं का? अटक कायदेशीर होती का? गाडी चालवताना अल्कोहोल ०.०८ किंवा जास्त होतं का? चाचणी नाकारल्याचं प्रकरण असेल तर तिसऱ्या मुद्द्याऐवजी बघतात, की नकार दिल्यास लायसन्स जाईल हे तुम्हाला सांगितलं होतं का, आणि सांगूनही तुम्ही नाकारलंत का.

या तीन प्रश्नांच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. गाडी थांबवण्याचं कारण अहवालात काय लिहिलंय? कॅलिफोर्नियात ‘चालवणं’ म्हणजे गाडी प्रत्यक्ष हलली पाहिजे. पार्किंगमध्ये मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाने गाडी चालवली हे दाखवण्यासाठी आणखी पुरावा लागतो. श्वासचाचणीच्या आधी १५ मिनिटं अधिकाऱ्याने तुमच्यावर सलग लक्ष ठेवायचं असतं. त्या वेळात तुम्ही काही खाल्लं-प्यायलं नाही, ढेकर दिली नाही, उलटी केली नाही, याची खात्री व्हावी म्हणून हा नियम आहे, कारण पोटातली वाफ तोंडात आली की आकडा फुगतो. यंत्राची अचूकता दर १० दिवसांनी किंवा १५० चाचण्यांनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासलेली असावी लागते. ती नोंद मागता येते. चाचणी गाडी चालवल्यानंतर बऱ्याच वेळाने झाली असेल तर चालवताना आकडा किती होता हाही प्रश्न उरतो. रक्तात अल्कोहोल चढायला वेळ लागतो, म्हणून हा मुद्दा पोकळ नाही.

समोर बसणारा माणूस न्यायाधीश नसतो, डीएमव्हीचाच कर्मचारी असतो. पूर्वी तोच डीएमव्हीची बाजू मांडायचा आणि तोच निकाल द्यायचा. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने २०२२ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, कारण एकाच माणसाने पक्षकार आणि निवाडा करणारा होऊ नये. तरीही इथे ज्युरी नसते, आणि पुराव्याची पातळी फौजदारी खटल्यापेक्षा बरीच खाली असते. ‘असं झालं असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढं पुरतं. म्हणून जिंकण्याची फार मोठी आशा धरू नका, पण हिअरिंग सोडूही नका. अधिकाऱ्याला समन्स काढून बोलावता येतं, त्याची साक्ष शपथेवर नोंदली जाते, आणि ती पुढे कोर्टात वकिलाच्या कामी येते.

तुमचं स्वतःचं बोलणंही तसंच नोंदलं जातं. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय तिथे ‘मी दोनच घेतल्या होत्या’ असं सांगायला जाऊ नका. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषा मागा. चुकीच्या शब्दात दिलेलं उत्तर नंतर दुरुस्त होत नाही.

निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत डीएमव्हीकडेच फेरविचार मागता येतो, त्याला १२० डॉलर फी आहे. सुपीरिअर कोर्टात आव्हान द्यायची मुदत ३० दिवसांची. तो खर्च करावा का, हे प्रकरणात किती दम आहे त्यावर ठरवा.

निलंबन झालंच तर किती, आणि मधला मार्ग कोणता

पहिल्या वेळी ०.०८ किंवा जास्त निघालं तर डीएमव्हीचं निलंबन ४ महिन्यांचं. दहा वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर १ वर्षाचं. चाचणी नाकारली असेल तर पहिल्याच वेळी १ वर्ष, आणि त्यात कामाला जाण्यापुरतं मर्यादित लायसन्सही मिळत नाही. ‘नाही म्हण, मग त्यांच्याकडे पुरावाच राहत नाही’ हा सल्ला पार्ट्यांमध्ये फार ऐकू येतो. कॅलिफोर्नियात तो घातक आहे. फरक असा: अटकेआधी रस्त्याच्या कडेला हातातल्या छोट्या यंत्रात फुंकायला सांगतात, ते २१ वर्षांवरच्या आणि डीयूआयच्या प्रोबेशनवर नसलेल्या माणसाला नाकारता येतं. अटकेनंतरची श्वासाची किंवा रक्ताची चाचणी मात्र लायसन्स घेतानाच आपण मान्य केलेली असते. त्या वेळी ‘आधी वकिलाशी बोलतो’ म्हणून थांबलात तरी तो नकारच धरतात.

पहिल्या वेळच्या ४ महिन्यांसाठी दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत ३० दिवस गाडीला अजिबात हात लावायचा नाही, आणि नंतर ५ महिने मर्यादित लायसन्स. त्यावर फक्त नोकरीला जाणं-येणं, नोकरीच्या कामासाठी फिरणं आणि डीयूआयच्या वर्गाला (अशा चालकांसाठीच्या सक्तीच्या शिक्षणवर्गाला) जाणं एवढंच बसतं. मुलीला भरतनाट्यमच्या क्लासला सोडणं त्यात बसत नाही, किराणा आणणंही नाही. दुसरी वाट गाडीत इग्निशन इंटरलॉक बसवून घेण्याची. या यंत्रात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि गाडी चालू असतानाही ते अधूनमधून फुंकायला लावतं. हे बसवलं तर ३० दिवस थांबावं लागत नाही आणि कुठेही जाता येतं, पण फक्त त्याच गाडीने. बसवण्याचा आणि भाड्याचा खर्च तुमचा. कमी उत्पन्न असलेल्यांना त्यात सवलत मिळते.

लहान मुलं असलेल्या कुटुंबाला मी दुसरी वाट सुचवेन. पाच महिने शेजाऱ्यांच्या उपकारावर काढण्यापेक्षा ती बरी. गाडी सुरू करण्याआधी अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र वापरू नका.

दोन्ही वाटांना तीन गोष्टी लागतात. राज्याची मान्यता असलेल्या डीयूआय वर्गात नाव घातल्याचा पुरावा, गाडीचा विमा असल्याचं, विमा कंपनीने डीएमव्हीला पाठवायचं एसआर-२२ प्रमाणपत्र, आणि १२५ डॉलर फी. पहिल्या वेळेसाठी वर्ग साधारण ३ महिन्यांचा असतो, अल्कोहोल ०.२० किंवा जास्त असेल तर ९ महिन्यांचा. हिअरिंगच्या निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा वर्ग आणि विमा यांची चौकशी आधीच करून ठेवा, म्हणजे निलंबन लागू झाल्यावर आठवडे वाया जात नाहीत.

नंतर कोर्टात दोष सिद्ध झाला तर डीएमव्ही ६ महिन्यांचं वेगळं निलंबन लावते. एकाच घटनेची ही दोन निलंबनं एकमेकांत मोजली जातात, बेरीज होत नाही.

भारतीय लायसन्सवर चालवत असाल तर

नवीन आलेल्यांमध्ये एक समज पसरलेला आहे: ‘कॅलिफोर्नियाचं गेलं तर गेलं, माझं पुण्याचं लायसन्स आहे ना!’ असं चालत नाही. निलंबित होतो तो कॅलिफोर्नियात गाडी चालवण्याचा अधिकार. खिशात कुठलाही कागद असो, पुणे आरटीओचा, आंतरराष्ट्रीय परवान्याचा की नेवाडाचा, तो अधिकार त्याने परत येत नाही. निलंबन चालू असताना गाडी चालवताना सापडलात तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. एक प्रकरण मिटवायला धडपडत असताना दुसरं अंगावर घेऊ नका. त्या महिन्यांत कॅलट्रेन, बार्ट, व्हीटीए, सहकाऱ्याची गाडी, जे मिळेल ते वापरा.

व्हिसा: लायसन्सइतकंच हेही आजच बघा

एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ वर असाल तर हा भाग दोनदा वाचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं २०१५ पासूनचं धोरण असं आहे, की डीयूआयमध्ये अटक झाली की दोष सिद्ध होण्याआधीच पासपोर्टमधला व्हिसा रद्द होऊ शकतो. कळवतात बहुधा ईमेलने. तो ईमेल बघून अनेकांचा धीर सुटतो. व्हिसा रद्द झाला म्हणजे तुमचं इथलं कायदेशीर वास्तव्य लगेच संपलं, असा त्याचा अर्थ होत नाही. आय-९४ (अमेरिकेतला प्रवेश आणि राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) वैध असेल आणि अटी पाळत असाल तर तुम्ही इथे राहून काम करू शकता. पण देशाबाहेर पडलात की परतायला नवा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी प्रत्यक्ष मुलाखतीबरोबर ठरावीक डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. म्हणून गणपतीला किंवा लग्नाला तिकीट काढलं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

पुढच्या प्रत्येक अर्जात, व्हिसा असो, ग्रीन कार्ड असो की नागरिकत्व, ‘कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न येतो. उत्तर खरं द्या. साध्या पहिल्या डीयूआयमुळे सहसा ग्रीन कार्डचं दार बंद होत नाही, खोट्या उत्तरामुळे होऊ शकतं. गांजाचा संबंध असेल तर प्रकरण जास्त नाजूक आहे. कॅलिफोर्नियात तो कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात नाही, आणि इमिग्रेशन केंद्रीय कायद्याने चालतं.

फौजदारी वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम समजावून सांगितलेच पाहिजेत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात ठरवलं आहे. म्हणून गुन्हा कबूल करून टाकण्याआधी, तडजोड कितीही चांगली वाटली तरी, त्या वकिलाची आणि इमिग्रेशन वकिलाची एकमेकांशी गाठ घालून द्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण एकदा पायरीवर उभे राहिलात की पहिल्याच तारखेला ‘सगळं मान्य करतो, मिटवून टाका’ म्हणणं महागात पडतं. वकिलाचा परवाना चालू आहे का, हे कॅलिफोर्निया स्टेट बारच्या साइटवर फुकट बघता येतं.

दुसऱ्या राज्यात असाल तर

तत्त्व बहुतेक ठिकाणी तेच, मुदत वेगळी. टेक्ससमध्ये हिअरिंग मागायला १५ दिवस, जॉर्जियात ३०, वॉशिंग्टन राज्यात फक्त ७. न्यू जर्सीत लायसन्सचा निर्णय कोर्टच करतं, अशी वेगळी मुदत नाही. युटामध्ये अल्कोहोलची मर्यादाच ०.०५ आहे. आणि राज्यं एकमेकांना माहिती देतात, त्यामुळे कॅलिफोर्नियाचं लायसन्स असताना नेवाडात अटक झाली तरी ती घरापर्यंत पोचते.

लायसन्स परत मिळवताना

निलंबनाचे महिने संपले की लायसन्स आपोआप चालू होत नाही. फी भरली का, वर्ग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र डीएमव्हीला पोचलं का, एसआर-२२ नोंदलं गेलं का, हे स्वतः विचारून खात्री करा, आणि तोवर स्टिअरिंगला हात लावू नका. एसआर-२२ सहसा ३ वर्षं चालू ठेवावं लागतं. मधे विम्याचा हप्ता चुकला तर कंपनी डीएमव्हीला कळवते आणि लायसन्स पुन्हा निलंबित होतं, म्हणून हप्ता बँकेतून आपोआप कापला जाईल अशी सोय करा. नोंद डीएमव्हीच्या रेकॉर्डवर १० वर्षं राहते, आणि दोष सिद्ध झाला असेल तर तेवढी वर्षं विम्याची ‘गुड ड्रायव्हर’ सवलतही मिळत नाही.

खटला संपला की कोर्टाच्या क्लार्ककडून अंतिम निकालाच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन प्रती काढून घ्या. डीएमव्हीचा निकाल, वर्गाचं प्रमाणपत्र आणि दंडाच्या पावत्या त्यासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या मुलाखतीला जाताना ही फाइल हातातल्या बॅगेत असू द्या.